शिरूरचा फळा, दौंडचा फळा

आमच्या घरात कॅसेटची दोन दुकानं होती आणि गाण्याचं वेड कुणालाच नव्हतं. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण तसंच होतं. वडील वडगाव रासाईला माळव्याची शेती करायचे. वांगी, गवार, दोडका, थंडीत कोबी. घरात रेडिओ होता तो बाजारभावासाठी आणि बातम्यांसाठी. बातम्या संपून गाणी लागली की वडील तो बंद करायचे, सेल उतरतात म्हणून.

माझी थोरली बहीण, आक्का, दौंडला दिलेली. दाजी रेल्वेत फिटर होते. त्यांच्या क्वार्टरपासून जवळच, बाजाराच्या रस्त्याला एक लहान गाळा रिकामा झाला. दाजींच्या सोबत्यानं सुचवलं, कॅसेट ठेवा, आजकाल चालतात. आक्कानं त्याला एकच विचारलं, "नासत तर न्हाईत ना?" सकाळची ताजी भाजी संध्याकाळी कशी मान टाकते हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. न सुकणारा माल विकायचा ही कल्पनाच तिला फार आवडली. दाजी ड्यूटीवर आणि आक्का गल्ल्यावर, असं ते दुकान सुरू झालं. पुढं मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तेव्हा तिनंच मला शिरूरला एसटी स्टँडसमोर टपरीवजा जागा बघून दिली, सुरुवातीचा माल दिला आणि दोन डेकचा एक टेपरेकॉर्डर दिला.

फळ्याची कल्पनाही तिचीच. दौंडला रेल्वे कॉलनीतली माणसं यायची आणि विचारायची, "सध्या काय चाललंय?" गाणी ऐकत नसल्यामुळं आक्काला या प्रश्नाचं उत्तर देता यायचं नाही. तिनं डोकं लढवलं. एका बंद पडलेल्या शिकवणीचा काळा फळा आणून दाराशी उभा केला आणि त्यावर त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त खपलेली दहा गाणी खडूनं लिहायला सुरुवात केली. कॅसेट अख्खी विकली जायची, पण गिऱ्हाईक अख्खी कॅसेट मागत नसे. "ते गाणं असलेली द्या" असं म्हणे. आक्का ते गाणं लक्षात ठेवायची आणि त्या कॅसेटच्या, दाखवायला मांडलेल्या रिकाम्या कव्हरात एक चिंचोका टाकायची. आठवडा संपला की चिंचोके मोजायचे आणि फळा लिहायचा. तिचं पाहून मीही शिरूरला फळा लावला.

हे दोन फळे कधीच जुळले नाहीत. दौंडला जंक्शन, तिथं देशभरातली माणसं कामाला. आक्काच्या फळ्यावर हिंदी सिनेमाची गाणी, मध्येच एखादं तेलुगू, नाताळ जवळ आला की इंग्रजी. तेलुगू गाण्याचे शब्द ती गिऱ्हाइकाकडून ऐकायची आणि कानाला लागतील तसे लिहायची. शेजारच्या तेलुगू बाई त्या फळ्यासमोर उभ्या राहून पोट धरून हसायच्या. माझ्याकडं शिरूरला बाजाराच्या दिवशी मांडवगण, वडगाव, इनामगाव अशा नदीकाठच्या गावांतनं माणसं यायची. त्यांना भक्तिगीतं हवीत, लग्नसराईत बँडवाले वाजवतील ती गाणी हवीत, तमाशातल्या लावण्या हव्यात. हिंदी गाणं माझ्या फळ्यावर यायचं ते दौंडच्या मागून बऱ्याच आठवड्यांनी. दर रविवारी शेजारच्या एसटीडी बूथवरनं मी आक्काला फोन करायचो. ती तिचा फळा वाचून दाखवायची, मी माझा. त्यावरनं मला पुढच्या महिन्यात काय मागवायचं ते कळायचं. गाणं रेल्वेनं दौंडला येतं आणि तिथनं शिरूरला बैलगाडीनं निघतं, असं दाजी म्हणायचे.

फळा हा आमच्या हिशेबाने धंद्याचा भाग होता, पण लोक तो मनावर घ्यायला लागले. कॉलेजची पोरं एसटीची वाट बघत उभी राहायची आणि फळ्यावरनं भांडायची. आपलं गाणं तिसऱ्यावरनं पाचव्यावर का गेलं, म्हणून एकानं मला जाब विचारला. मी त्याला चिंचोके दाखवले. त्यानं ते स्वतः मोजले आणि गप गेला.

पुढं एका वर्षी निवडणूक आली. साखर कारखान्याची, की त्या आधीची सोसायटीची, हे आता नीट आठवत नाही, पण भिंती रंगायला लागल्या होत्या. आमच्या भागातला एक तरुण पुढारी पहिल्यांदाच उभा राहणार होता. शे-दीडशे एकरांच्या घरातला, पांढऱ्या कपड्यातला, बोलायला गोड माणूस. त्याच्या माणसांनी पुण्यात स्टुडिओ घेऊन त्याच्या नावाच्या गाण्यांची कॅसेट काढली. कव्हरवर त्याचा हात जोडलेला फोटो, पाठीमागं नदी आणि ऊस. त्यांनी एक मोठा खोका माझ्याकडं विकायला ठेवला. मी ठेवून घेतला. नाही म्हणायचं काही कारण नव्हतं.

चार दिवस त्यातली एकही गेली नाही. पाचव्या दिवशी त्यांचीच माणसं जीपमधनं आली आणि अख्खा खोका विकत घेऊन गेली. मी म्हणालो, "अहो, तुमचाच माल आहे, असाच न्या की."

त्यांच्यातला मिशीवाला म्हणाला, "न्हाई न्हाई. इकत घ्यायचाय. आन् फळ्यावर लिवायचं."

तेव्हा मला उमगलं. माल त्यांचा, गिऱ्हाईकही तेच, मधे फक्त माझा फळा. त्यांनी पैसे मोजून दिले होते. लिहावं तर सगळ्या स्टँडला माहीत की खोका कोणी नेला. न लिहावं तर मी कॉलेजच्या पोराला कोणत्या तोंडानं चिंचोके दाखवले होते? रविवारची वाट न बघता मी आक्काला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इकलं का तू?"

"विकलं."

"पैसं घेतलं?"

"घेतलं."

"मंग ल्ही की. आपण काय चांगलं हाय ते लिवत न्हाई, काय खपलं ते लिवतो."

मी लिहिलं. पहिल्या क्रमांकावर पुढाऱ्याचं गाणं. पोरांनी नाकं मुरडली, एकदोघांनी माझ्याकडं येणं बंद केलं. पुढाऱ्याच्या माणसांनी फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्या कॅसेटी मग गावोगाव फुकट वाटल्या गेल्या. ज्याच्या घरी टेप होता त्याच्याही घरी गेल्या, ज्याच्या घरी नव्हता त्याच्याही.

पुढं जे झालं त्याचा अंदाज मला आला नव्हता, आक्कालाही नाही. बाजाराच्या दिवशी एक धोतरवाले आप्पा आले. त्यांनी पिशवीतनं पुढाऱ्याची कॅसेट काढून माझ्यापुढं ठेवली.

"ह्याच्यावर पिच्चरची गाणी भरून द्या."

मी म्हणालो, "आप्पा, यावर गाणी आहेत."

"व्हय, हायती. ऐकली एकदा. आता पोरगी म्हनती पिच्चरची भरून आना. टेप चांगली हाय म्हनत्यात ह्याची."

टेप खरोखरच चांगली होती. पुढाऱ्यानं खर्चात हात आखडता घेतला नव्हता. कोरी कॅसेट विकत घ्यायची तर पैसे पडतात, आणि ही घरात फुकट आलेली. कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन बारीक चौकोन असतात, ते मोडलेले असले की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. कंपनीनं ते मोडूनच दिलेले होते. त्यावर चिकटपट्टी लावली की काम होतं. मी चिकटपट्टी लावली, आप्पांच्या मुलीनं चिठ्ठीवर लिहून दिलेली गाणी भरली. अशी गाणी भरून देणं कायद्यात बसत नव्हतं, पण तेव्हा प्रत्येक दुकानात तेच चालायचं. आप्पांच्या मागनं दुसरे आले, मग तिसरे. महिन्याभरात माझ्या गल्ल्यावर पुढाऱ्याच्या चेहऱ्यांची चळत लागली. प्रत्येक चेहऱ्याला रबरानं एक चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर सिनेमांची नावं.

आणि नेमका तेव्हा तो स्वतः दुकानात आला. कशाला आला होता ते मला आजही माहीत नाही, बहुतेक स्टँडवर कुणाला तरी सोडायला आला असावा आणि फळा बघावा म्हणून वळला असावा. बरोबर फक्त ड्रायव्हर. चळत लपवायला मला वेळच मिळाला नाही. त्यानं एक कॅसेट उचलली, स्वतःचा फोटो बघितला, चिठ्ठी वाचली. मग दुसरी उचलली.

"हे परत आलंय का?" त्यानं विचारलं.

"परत नाही, साहेब. भरायला आलंय."

"आमची गाणी पुसून?"

"हो."

तो स्टुलावर बसला. मला वाटलं आता माणसं बोलावतो की काय. पण त्यानं ड्रायव्हरला चहा सांगायला पाठवलं आणि मला हळू आवाजात विचारलं, "गाणी वाईट होती का? खरं सांगा."

मी म्हणालो, "चाली बऱ्या होत्या. पण तुमचं नाव फार येतं."

"फार म्हंजी?"

"दर ओळीला येतं, साहेब. माणसाला गुणगुणता येत नाही. स्वतःच्या बायकोपुढं तुमचं नाव कसं गुणगुणणार?"

त्याला हसू आलं. आधी त्यानं ते दाबलं, मग मोकळं हसला. चहा आला, आम्ही दोघांनी घेतला. "फळ्यावरनं आमचं काढून टाका," तो म्हणाला. मी सांगितलं की ते तीन आठवड्यांपूर्वीच निघालंय, खप थांबला की नाव आपोआप खाली जातं. त्यानं मान हलवली. मग जीपमधली त्याची स्वतःची कॅसेट मागवून घेतली आणि माझ्यापुढं ठेवली. "हिच्यावर पण काहीतरी भरा. ड्रायव्हर कंटाळलाय." ड्रायव्हर दाराशी उभा होता. त्यानं लगेच तीन सिनेमांची नावं सांगितली.

ती निवडणूक तो हरला, पुढची जिंकला. दुसऱ्या खेपेला कॅसेट काढली नाही. नंतर कितीतरी वर्षं स्टँडवरनं जाताना गाडी हळू करून तो मला हात करायचा.

आक्काला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरा दिसतो माणूस." ती कुणाची याहून जास्त स्तुती करत नसे.

कॅसेटचे दिवस फिरल्याचंही पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. दौंडच्या प्लॅटफॉर्मवर मुंबईकडनं येणारी पोरं सीडी विकायला लागली. एकेका सीडीत शंभरावर गाणी. आक्कानं एक आणली, तिच्यावरची गाण्यांची यादी दाजींना वाचायला लावली आणि फळ्याकडं बघत बसली. त्या रविवारी फोनवर तिनं फळा वाचलाच नाही.

"मी दुकान बंद करती," ती म्हणाली.

मी वाद घातला. म्हणालो, आपणही सीडी ठेवू. माझ्याकडं तर ठेवल्याही होत्या आणि बऱ्या चालल्या होत्या.

"आरं, शंभर गानी एका तबकडीत. तवा मानूस एक गानं मागायला यायचा. आता शंभर घिऊन जातो, त्याला ठावं बी न्हाई काय नेलं. त्यो परत कशाला यील?"

मला ते पटलं नाही. तिनं उरलेल्या कॅसेटी पेट्यांत भरून मला पाठवल्या आणि त्याच गाळ्यात साड्यांवर मॅचिंग ब्लाउजपीस, अस्तर, फॉल ठेवायला सुरुवात केली. ते दुकान चांगलं चाललं. भाचा आजही तेच चालवतो. मी शिरूरला सीडीवर काही वर्षं काढली, मग मोबाईल आले आणि सीडीही कुणी विचारेना. फळ्यावर मी ‘रिचार्ज मिळेल’ असं लिहिलं.

एका ओळखीच्यानं सणसवाडीला जागा दाखवली. कंपन्यांचा भाग, बाहेरून आलेली पोरं खोल्या घेऊन राहायची. एका खोलीत पाचसहा जण, शिफ्टप्रमाणं झोपायचे. मी तिथं एक कॉम्प्युटर मांडला आणि ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी लावली. पहिल्या दिवशी एक वेल्डर आला, बिहारकडचा. मी विचारलं कुठलं गाणं पाहिजे.

"आठ जीबी का है भैया," तो म्हणाला. "जितना आता है डाल दो."

सगळे तसंच म्हणायचे. सवयीनं मी तिथंही फळा लावायचा प्रयत्न केला, पण आठवड्याच्या शेवटी लिहायला काहीच नव्हतं. कुणी एक गाणं मागितलंच नव्हतं. मग आक्काचं ते बोलणं मला पटलं. तिला फोन करून तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मंग आता काय करायचं त्ये कर. मला कशाला सांगतूस?" ‘बघ, मी म्हणाले नव्हते?’ असं ऐकवायची तिला सवय नव्हती.

तरी सणसवाडीची ती वर्षं मला आवडली. त्या पोरांना आपापल्या भागातली गाणी हवी असायची आणि ती माझ्याकडं नसायची. तो वेल्डर छटपूजेला गावी गेला आणि येताना कार्ड भरून घेऊन आला. म्हणाला, हे तुमच्या मशीनमध्ये टाका, आमच्या जिल्ह्यातली सगळी पोरं येतील. आली. पुढं ओडिशाची पोरं त्यांची गाणी घेऊन आली, मराठवाड्याची त्यांची. म्हणजे गिऱ्हाईकच मला माल आणून द्यायचं आणि मी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचो. ज्यानं आणलं त्याचं कार्ड मी फुकट भरायचो. संध्याकाळची शिफ्ट सुटली की माझ्या दारात चार भाषांतली गाणी एकदम चालू असायची, प्रत्येकजण आपलं कार्ड तपासून बघायचा. मला त्यातलं अर्धंअधिक समजायचं नाही. गाण्याचं वेड नसलेल्या माणसाला त्याचा त्रासही होत नाही.

मग नेट स्वस्त झालं. एका दिवसात नाही झालं, पण मला मात्र एका आठवड्यात कळलं. वेल्डर रोज दारावरनं जायचा, कानात वायर घालून. एकदा थांबला, वायर काढली आणि थोडा ओशाळून म्हणाला, "अब तो इसी में सब आ जाता है." मी म्हणालो, बरंच आहे की. त्यानं मला त्याच्या फोनवर त्याच्या गावची जत्रा दाखवली, त्या क्षणी तिथं चालू असलेली. आम्ही दोघं थोडा वेळ ती बघत उभे राहिलो. दिवाळीनंतर मी कॉम्प्युटर विकला.

आता मी शिरूरला ट्रॅक्टरला साउंड बसवून देतो. उसाचा हंगाम सुरू झाला की काम पुरत नाही. ड्रायव्हर लोकांना गाणं कुठलं याच्याशी फारसं घेणंदेणं नसतं, मागच्या ट्रॉलीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. त्यांतले काही अजून भरलेला पेनड्राइव्ह मागतात, रस्त्यात रेंज जाते म्हणून. तो मी देतो.

दाजी जाऊन काही वर्षं झाली. मागच्या थंडीत आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मी चार दिवस दौंडला जाऊन राहिलो. पाय उशीवर ठेवून ती पडून होती. नातीनं तिला फोनवर गाणी लावून द्यायला शिकवलं होतं, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आक्काला गाणं ऐकताना पाहिलं. डोळे मिटून ऐकायची. मधेच नातीनं तिला फोनवरची यादी दाखवली, सध्या काय जोरात चाललंय त्याची. आक्कानं ती चष्मा लावून वाचली.

"ह्ये कोन लिवतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही आजी. आपोआप होतं."

"कुनाच्या गावचं हाय?"

"असं गावचं नसतं गं."

आक्कानं फोन परत दिला. "आपोआप काय होत न्हाई," ती म्हणाली. "खोका उचलला आसंल कुनीतरी, त्या पुढाऱ्यावानी." नातीला ते कळलं नाही. मी खिडकीकडं तोंड करून हसलो.

गाण्यांच्या मध्ये जाहिराती यायच्या. त्यांत एक बाई फार यायची, गुडघ्याच्या तेलाची. दर दोन गाण्यांनी तिचा आवाज, गुडघे दुखतात का, जिना चढताना त्रास होतो का. मला वैताग आला. आक्काला जाहिराती नकोत म्हणून मी माझ्या फोनवरनं पैसे भरून तिच्या फोनवर महिन्याची वर्गणी चालू केली. जन्मभर गाणी विकली, पण गाण्यासाठी स्वतःच्या खिशातनं पैसे मोजले ते त्या दिवशी पहिल्यांदा. सांगितलं नाही तिला. वाटलं, तिला आपणहून कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली. फोन पोटावर ठेवून ती वर बघत होती.

"आरं, ती बाई कुठं गेली?"

"कोण बाई?"

"गुडघ्याची. सकाळधरनं आली न्हाई."

मी सांगितलं की मी पैसे भरले, आता जाहिरात येणार नाही.

"रोज इचारायची बिचारी," ती म्हणाली. "दुखतंय का म्हनून. घरात कुनाला येळ हाय इचारायला? ज्यो त्यो दुकानात." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू इचारलंस का आल्यापास्नं?"

मी विचारलं नव्हतं. स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "दुखतंय का?"

"लई न्हाई," आक्का म्हणाली. "उठताना दुखतंय. तसं बरं हाय."

महिना संपल्यावर ती वर्गणी मी पुढं चालू ठेवली नाही. आता आक्का काठी घेऊन दुकानापर्यंत जाते, ब्लाउजपीसच्या ठाणांशेजारी खुर्ची टाकून बसते. फोन पिशवीत चालू असतो.